धागा: रोबोटिक्स आणि यंत्रशाळेतले मूळ शब्द – आपापल्या कामातून अर्थ सांगा

खानापूर_विज्ञान

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. आमच्या मुलांच्या हातात आता आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड), सर्वो मोटर (सांगितलेल्या कोनावर जाऊन थांबणारी मोटर), सेन्सर आलेत. दहावीनंतर यातली बरीच मुलं डिप्लोमासाठी बेळगावला जातात. तिथं पहिल्याच सत्रात टॉर्क, टॉलरन्स, फीडबॅक, डिग्री ऑफ फ्रीडम हे शब्द एकदम अंगावर येतात. व्याख्या पाठ होतात, मार्कही मिळतात. पण यंत्रासमोर उभं केलं की तो शब्द नेमका कुठं बसतो हे त्यांना दाखवता येत नाही.

मला पाठांतराची यादी नको आहे. प्रत्येक शब्दाबरोबर एक यंत्र, एक आकडा, आणि तो शब्द विसरला तर काय बिघडतं, एवढं हवं आहे. बेळगावात फाउंड्रीपासून विमानाच्या सुट्या भागांपर्यंत सगळं बनतं. म्हणून हे इथंच विचारते.

सुरुवात मी करते. सेन्सर, कंट्रोलर, अॅक्च्युएटर. आमची मुलं एक छोटी गाडी करतात, समोर भिंत आली की ती थांबते. पुढं अल्ट्रासॉनिक सेन्सर असतो. तो ४० किलोहर्ट्झचा, कानाला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी परत यायला लागलेला वेळ कळवतो. भिंत २० सेंटिमीटरवर असेल तर आवाज जाऊन-येऊन ४० सेंटिमीटर चालतो, त्याला साधारण १.१७ मिलिसेकंद लागतात. सेन्सरचं काम इथं संपलं. त्यानं फक्त मोजलं. 'हे अंतर कमी आहे, थांब' हे ठरवतो तो कंट्रोलर, म्हणजे आर्डुइनो. आणि प्रत्यक्ष चाकं फिरवणारी किंवा थांबवणारी मोटर हा अॅक्च्युएटर. मुलं 'सेन्सर गाडी थांबवतो' असं लिहितात, तेव्हा मी त्यांना सेन्सरची वायर काढून गाडी चालवायला लावते. गाडी धडकते, पण चालते. मग कुणाचं काय काम ते आपोआप वेगळं होतं.

---

उद्यमबाग_टर्नर

बाई, धागा काढलात ते लई बरं केलंत. मी उद्यमबागेत लेथवर उमेदवारी करून शिकलो, आता स्वतःचं छोटं शॉप आहे. पोरं आता थेट सीएनसीवरच (प्रोग्रॅमनं चालणाऱ्या मशिनवर) शिकुलालेत, त्यामुळं दोन शब्द त्यांच्या हाताला लागतच नाहीत. ते मी सांगतो.

पहिला बॅकलॅश. शॉपमध्ये आम्ही 'प्ले' म्हणतो. जुन्या लेथच्या क्रॉस स्लाइडचं हँडल उलटं फिरवून बघा. डायल चार-पाच घरं पुढं सरकतो, खरं टूल जागचं हलत नाही. स्क्रू आणि नट यांच्यात झिजेनं फट पडलेली असते. दिशा बदलली की आधी ती फट भरते, मगच टूल हलतं. म्हणून टूल जास्त आत गेलं तर नुसतं दोन घरं मागं घेऊन भागत नाही. चांगलं अर्धा फेरा मागं यायचं आणि पुन्हा त्याच दिशेनं हव्या त्या घरावर यायचं. सीएनसीत बॉल स्क्रू असतो, नटला प्रीलोड, म्हणजे आधीच दाब, दिलेला असतो, त्यामुळं प्ले फार कमी. तरी झीज होतेच, आणि कंट्रोलमध्ये बॅकलॅश कॉम्पेन्सेशनचा पॅरामीटर भरावा लागतो. रोबोटच्या गिअरबॉक्समध्येही हीच फट असते.

दुसरा टॉलरन्स. ड्रॉइंगवर भोकाला '२५ एच७' लिहिलेलं असतं. म्हणजे भोक २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरच्या मधे कुठंही चालतं. त्यात बसणाऱ्या शाफ्टला 'जी६' असेल तर तो २४.९८० ते २४.९९३. आता हिशोब करा. सगळ्यात घट्ट जोडीत ७ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोकळीक, सगळ्यात सैल जोडीत ४१ मायक्रॉन. दोन्ही जोड्या पास. पोरांना वाटतं बरोबर २५ आलं की काम चांगलं. तसं नाही. शाफ्टही बरोबर २५ आणि भोकही बरोबर २५ केलंत तर शाफ्ट मोकळा सरकायचा नाही. टॉलरन्स म्हणजे दिलेली सूट नव्हे, काम करायला लागणारी जागा आहे ती.

आणि एक. व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ मिलिमीटर. त्यानं २१ मायक्रॉनचा टॉलरन्स तपासायला जाऊ नका. मोजायचं हत्यार टॉलरन्सच्या दहाव्या भागाइतकं बारीक मोजणारं असावं, ही आमच्याकडची जुनी पद्धत आहे आणि ती बरोबर आहे. भोकाला गो–नो गो गेज लावा, त्याचं एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये.

---

वडगाव_माग

आमच्या घरात पॉवरलूम. वडगाव, खासबाग, शहापूर भागात पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललंय. रोबोटिक्समधलं मला फार कळत नाही, खरं बाईंनी लिहिलेलं वाचून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

मागावर बाण्याचा धागा तुटला किंवा धोट्यातली कांडी संपली की माग आपोआप थांबतो. धोटा गेल्यावर एक छोटा काटा धाग्यावर टेकतो. धागा असेल तर काटा ढकलला जातो आणि काम पुढं चालतं. धागा नसेल तर काटा पुढच्या आकड्यात अडकतो आणि हँडल सुटतं. यात वीज नाही, चिप नाही. तरी धागा आहे की नाही हे ओळखणं आहे, आणि त्यावरून थांबवणंही आहे.

दुसरं म्हणजे जॅकार्ड. पुठ्ठ्याच्या कार्डात भोक असेल तर सुई आत जाते, हूक जागेवर राहतो आणि तो ताण्याचा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तर सुई मागं ढकलली जाते आणि तो धागा खालीच राहतो. पदराची नक्षी बदलायची तर कार्डांची माळ बदलायची, मागाला हात लावायचा नाही. याला प्रोग्रॅम म्हणायचं का?

---

निवृत्त_टिळकवाडी

वडगावकर, नक्की म्हणायचं. जॅकार्डनं हे यंत्र १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये पुढं आणलं. यंत्र तेच ठेवून सूचना बदलता येणं, याला रीप्रोग्रॅमेबल म्हणतात. आणि तुमचा काटा हा एकाच वेळी सेन्सर आणि स्विच आहे. तुमचं पोस्ट मी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना पाठवलं आहे.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिझम शिकवलं, तेव्हा डिग्री ऑफ फ्रीडम माझ्याकडे. एखादी वस्तू मोकळ्या जागेत नेमकी ठेवायची तर सहा गोष्टी ठरवाव्या लागतात. पुढं-मागं किती, डावीकडं-उजवीकडं किती, वर-खाली किती, या तीन झाल्या जागेच्या. मग ती कोणत्या तीन अक्षांभोवती किती वळलेली आहे, या तीन दिशेच्या. म्हणून वस्तू कुठंही आणि कशीही धरायची असेल तर रोबोटच्या हाताला किमान सहा जॉइंट लागतात. आपल्या हातात खांद्याला तीन, कोपराला एक, मनगट आणि त्यामागचा हात मिळून तीन, असे सात आहेत. एक जास्तीचा. टेबलावर तळवा घट्ट टेकवा आणि खांदा न हलवता कोपर वर-खाली झुलवून पाहा. तळवा जागचा हलत नाही. ती सातवी मोकळीक.

प्रत्येक कामाला सहा लागतातच असं नाही. सर्किट बोर्डावर वरून सरळ खाली भाग बसवायचा असेल तर चार पुरतात. त्यासाठीच १९७८ मध्ये जपानच्या यामानाशी विद्यापीठात हिरोशी माकिनो यांनी स्कारा प्रकारचा हात तयार केला. आडव्या पातळीत लवचिक, उभ्या दिशेत ताठ.

आता वर्कस्पेस. दोन दुव्यांचा (दुवा म्हणजे हाताचा ताठ भाग) हात घ्या, एक २० सेंटिमीटरचा, दुसरा १५ चा. पूर्ण लांब केला तर ३५ सेंटिमीटरपर्यंत पोचतो. पूर्ण दुमडला तर टोक खांद्यापासून ५ सेंटिमीटरवर येतं, त्याहून जवळ येऊच शकत नाही. म्हणजे पोचण्याची जागा ही मधे भोक असलेली चकती आहे. मुलं मॉडेल करताना वस्तू खांद्याच्या अगदी पायाशी ठेवतात आणि हात का पोचत नाही म्हणून कोड तपासत बसतात.

जॉइंटचे कोन दिले आणि टोक कुठं आलं ते काढलं, तर ती फॉरवर्ड कायनेमॅटिक्स. उत्तर एकच. उलट, टोक कुठं हवं ते दिलं आणि कोन काढायचे, ती इन्व्हर्स कायनेमॅटिक्स. तिथं उत्तरं अनेक असू शकतात. वरच्याच हातानं एखाद्या बिंदूला कोपर वर ठेवूनही पोचता येतं आणि खाली ठेवूनही. कोणतं निवडायचं हे प्रोग्रॅमरनं ठरवलं नाही तर हात मधेच एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला झपकन जातो. जवळ उभ्या असलेल्या माणसाला ते धोक्याचं आहे.

---

डिप्लोमा_दुसरं_वर्ष

सर, बाई, नमस्कार. मी खानापूरकडचाच आहे. प्रोजेक्टसाठी आर्म करुलालोय. वरचा दुवा १५ सेंटिमीटर, पुढचा १५ सेंटिमीटर, आर्मचं वजन साधारण १५० ग्रॅम, ग्रिपरमध्ये १०० ग्रॅमची वस्तू. खांद्याला एसजी९० सर्वो लावला, तो उचलतच नाही, नुसता थरथरतो. मित्रानं एमजी९९६आर लावायला सांगितला. तो लावला तर आर्डुइनोच रीसेट होतोय. कुठं बघू?

---

होनगा_मेंटेनन्स

दादा, तुझ्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न आहेत. आधी टॉर्क. जोर आणि त्याचं फिरण्याच्या मध्यापासूनचं अंतर यांचा गुणाकार. हात पूर्ण आडवा असतो तेव्हा खांद्यावर सगळ्यात जास्त येतो, म्हणून हिशोब आडव्या स्थितीतच करायचा.

वस्तू: ०.१ किलो × ३० सेंटिमीटर = ३ किलो-सेंटिमीटर. हाताचं स्वतःचं वजन मध्यावर धर: ०.१५ × १५ = २.२५. एकूण ५.२५ किलो-सेंटिमीटर. एसजी९० चा ४.८ व्होल्टवर टॉर्क साधारण १.८. तो थरथरणारच.

एमजी९९६आरचा आकडा ४.८ व्होल्टवर ९.४. वाटतं भरपूर आहे. पण हा स्टॉल टॉर्क आहे, म्हणजे शाफ्ट अडकून उभा असतानाचा. त्यावर मोटर सतत चालवायची नसते, गरम होऊन जाते. निम्मा धरून चाल, ४.७. तुला ५.२५ हवेत. म्हणजे अजूनही अपुरा. मोठी मोटर घेण्याआधी हात आखूड कर. १२ + १२ केलास आणि वजन १२० ग्रॅमवर आणलंस तर २.४ + १.४४ = ३.८४. बसतं.

आता रीसेट. मोटर अडली की ही सर्वो अडीच अँपिअरपर्यंत ओढते. तू ती आर्डुइनोच्या पाच व्होल्टच्या पिनवरून चालवत असणार, आणि आर्डुइनो लॅपटॉपच्या यूएसबीवर, जिथून अर्धा अँपिअर मिळतो. व्होल्टेज खाली बसतं आणि आर्डुइनो बंद पडून पुन्हा सुरू होतो. सर्वोला वेगळा सप्लाय दे, आणि दोन्हींचे ग्राउंड एकमेकांना जोड. ग्राउंड जोडला नाहीस तर सिग्नलला आधारच नाही, सर्वो वाटेल तशी हलेल.

टॉर्क आणि पॉवर यांत सगळ्यांचाच गोंधळ होतो म्हणून कारखान्यातलं उदाहरण देतो. १ एचपीची १४४० आरपीएमची मोटर घ्या. शाफ्टवर टॉर्क फक्त ५ न्यूटन-मीटरच्या आसपास. तिला ३०:१ चा गिअरबॉक्स लावला की वेग ४८ आरपीएम होतो आणि घर्षण सोडलं तर टॉर्क दीडशेच्या जवळ जातो. पॉवर तेवढीच राहिली. गिअरबॉक्स पॉवर देत नाही, वेग घेऊन टॉर्क देतो. वर्म गिअर असेल तर घर्षणात बराच भाग जातो, तो आधी वजा करा.

स्टेपर मोटरबद्दल एक सांगून ठेवतो. दुकानात 'नेमा १७' म्हणतात, तो आकडा ताकदीचा नाही. पुढच्या चौकोनी प्लेटचं माप १.७ इंच आहे एवढंच त्यातून कळतं. ताकद बघायची तर होल्डिंग टॉर्क विचारा. नेहमीच्या स्टेपरच्या एका फेऱ्यात २०० पावलं, एक पाऊल १.८ अंशाचं. कंट्रोलर पावलं मोजून पाठवतो, पण मोटर खरंच तेवढी फिरली का हे बघत नाही. ओझं जास्त झालं, पावलं चुकली, तरी कंट्रोलरला पत्ता नाही. याला ओपन लूप म्हणतात. इंडस्ट्रियल सर्वोच्या मागं एन्कोडर असतो, तो शाफ्ट किती फिरला ते परत कळवतो. ते परत कळवणं म्हणजे फीडबॅक, आणि फरक भरून काढेपर्यंत ढकलत राहणारी ही व्यवस्था म्हणजे क्लोज्ड लूप.

---

चिकोडी_ऑपरेटर

एक वाद मिटवा. आमच्या शॉपमधली सीएनसी लेथ स्वतः चालते, प्रोग्रॅम बदलता येतो. मग ती रोबोट का नाही? आणि भोकं पाडायचं एसपीएम (स्पेशल पर्पज मशीन, एकाच कामाचं यंत्र) आहे, तेही आपोआप चालतं. साहेब म्हणतात दोन्ही ऑटोमेशन, रोबोट नव्हे.

---

निवृत्त_टिळकवाडी

साहेब बरोबर आहेत. आयएसओ ८३७३ या मानकात औद्योगिक रोबोटची व्याख्या आहे. तिचा आशय असा: आपोआप नियंत्रित होणारा, पुन्हा प्रोग्रॅम करता येणारा, अनेक कामांना वापरता येणारा आणि किमान तीन अक्षांत प्रोग्रॅम होणारा मॅनिप्युलेटर. एसपीएम एकाच जॉबसाठी बांधलेलं, त्यामुळं 'अनेक कामं' या अटीवर ते बाद. साध्या सीएनसी लेथला एक्स आणि झेड असे दोनच अक्ष, आणि ती धातू कापण्यासाठीच आहे.

---

उद्यमबाग_टर्नर

सर, मग हत्तरगीच्या सेझमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) विमानाचे भाग काढणारी पाच अक्षांची मशिन्स आहेत, त्यांचं काय? अक्ष पाच, प्रोग्रॅमही बदलतो.

---

निवृत्त_टिळकवाडी

अक्षांची अट ती पूर्ण करतात. पण तीही मशीन टूलच. त्यांची सगळी बांधणी कापताना येणारा जोर सोसायला केलेली असते. रोबोटचा हात लांब आणि मानानं लवचिक, त्याच्या टोकाला आज ग्रिपर, उद्या वेल्डिंग टॉर्च, परवा स्प्रे गन. टोकाला लावायच्या या साधनाला एंड इफेक्टर म्हणतात. तो बदलून कामच बदलता येतं, फरक तिथं आहे. सीमेवरची उदाहरणं राहतीलच. रोबोटनं मिलिंग करणारेही आहेत.

---

सेझ_क्वालिटी

मी तपासणी विभागात आहे. अॅक्युरसी आणि रिपीटेबिलिटी हे दोन शब्द मुलींनी-मुलांनी नीट वेगळे करून घ्यावेत, कारण मुलाखतीत हमखास विचारतात आणि कामावर त्याहून जास्त लागतात.

रोबोटच्या माहितीपत्रकावर '±०.०५ मिलिमीटर' असं छापलेलं असतं. ती रिपीटेबिलिटी. एकदा शिकवलेल्या जागी तो पुन्हा पुन्हा गेला तर किती फरक पडेल, एवढंच ती सांगते. 'अमुक कोऑर्डिनेटवर जा' असं कागदावरून सांगितलं तर तो खऱ्या बिंदूच्या किती जवळ पोचेल, ती अॅक्युरसी. ती बहुतेक वेळा यापेक्षा बरीच कमी चांगली असते, कारण दुव्यांची खरी लांबी आणि कंट्रोलरमध्ये भरलेली लांबी यांत थोडा फरक असतोच.

वेल्डिंगच्या हाताला पेंडंटनं (हातात धरून रोबोट चालवायच्या पॅनेलनं) बिंदू शिकवला तर अॅक्युरसीची फारशी गरज पडत नाही. जिथं शिकवलं तिथंच तो परत येतो. पण प्रोग्रॅम ऑफिसमध्ये कॉम्प्युटरवर लिहून रोबोटवर चढवला की एकदम सगळे बिंदू एका बाजूला सरकलेले दिसतात. तेव्हा रोबोट बिघडला असं म्हणायचं नाही, कॅलिब्रेशन करायचं. सगळे बिंदू एकाच दिशेनं सारखे सरकले असतील तर दुरुस्त करता येतं. बिंदू दर वेळी वेगळ्या बाजूला पडत असतील तर गिअर, बेल्ट, फिक्स्चर यांत काहीतरी ढिलं आहे, आणि ते कॅलिब्रेशननं जात नाही.

---

खानापूर_विज्ञान

अक्का, अगदी हेच हवं होतं. फीडबॅकच्या पुढं पीआयडी (प्रपोर्शनल, इंटिग्रल, डेरिव्हेटिव्ह) हा शब्द मुलांना फार अडतो. रेषेवरून चालणाऱ्या लाइन फॉलोअर गाडीत ती अंदाजानं तीन आकडे बदलत बसतात. कुणी समजावेल?

---

संकेश्वर_टर्बाइन

साखर कारखान्यात टर्बाइनवर काम केलंय, तिथून सांगतो. मिलवर ऊस जास्त आला की लोड वाढतो आणि वेग पडायला लागतो. गव्हर्नर वाफेचा व्हॉल्व्ह उघडतो. जेम्स वॅटनं १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनावर फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला तेव्हापासून तत्त्व तेच. वेग जितका कमी तितका व्हॉल्व्ह जास्त उघडा, हा झाला पी.

पण नुसत्या पी मध्ये एक अडचण. व्हॉल्व्ह जास्त उघडा राहायचा तर वेग थोडा कमी राहिलाच पाहिजे, नाहीतर व्हॉल्व्हला उघडं राहायला कारणच उरत नाही. म्हणून लोड वाढल्यावर वेग जरा खालीच स्थिरावतो. ही उरलेली चूक जमा होत जाते तसा व्हॉल्व्ह आणखी उघडत नेणारा तो आय. आणि वेग किती झपाट्यानं बदलतोय ते बघून आधीच हात आवरणारा तो डी.

गाडीसाठी पद्धत अशी: आय आणि डी शून्य ठेवा. पी वाढवत जा, गाडी रेषेवर डावी-उजवी झोके घ्यायला लागेपर्यंत. मग थोडा कमी करा. आता डी वाढवा, झोके शांत होतील. आय अगदी शेवटी आणि थोडाच, तोही गाडी सतत एकाच बाजूला राहत असेल तर. जास्त आय दिलात तर चूक साठत राहते आणि वळणानंतर गाडी रेषा सोडून जाते.

---

फाउंड्री_मच्छे

सगळ्यांनी छान लिहिलंय. सुरक्षेवर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. कारखान्यात कामाला लागलेला जगातला पहिला औद्योगिक रोबोट युनिमेट. १९६१ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या प्लांटमध्ये डाय-कास्टिंगचे गरम भाग उचलायला तो लावला. आमच्याच धंद्यातलं काम. १३५०-१४०० अंशांचं ओतकाम, फेटलिंगची (कास्टिंग घासून साफ करण्याची) धूळ, जड कास्टिंग, जिथं माणसाचं शरीर झिजतं तिथं आधी रोबोट यावा असं मला मनापासून वाटतं.

पण त्याच्याजवळ जायचे नियम आहेत. टीच पेंडंटच्या मागं तीन स्थितींचा एनेबलिंग स्विच असतो. हलका दाबून मधल्या स्थितीत धरला तरच हात हलतो. सोडला तर थांबतो, आणि घाबरून घट्ट आवळला तरीही थांबतो. दोन्ही प्रकारे, कारण अपघाताच्या क्षणी माणूस दोन्हींतलं काहीही करतो. शिकवताना टोकाचा वेग सेकंदाला २५० मिलिमीटरच्या वर जाऊ देत नाहीत. आणि रोबोट शांत उभा आहे म्हणजे तो बंद आहे असं कधीही धरायचं नाही. तो एखाद्या सेन्सरच्या सिग्नलची वाट बघत असतो.

---

डिप्लोमा_दुसरं_वर्ष

होनगाचे दादा, वेगळा सप्लाय दिला, रीसेट बंद झालं. हात १२ + १२ केला, उचलतोय. आता टोकाला वस्तू ठेवताना कधी तीन-चार मिलिमीटर इकडं, कधी तिकडं. वर-खाली मात्र बरोबर येतो.

---

उद्यमबाग_टर्नर

गिअरमधला प्ले. एका अंशाचा प्ले २४ सेंटिमीटर लांब टोकावर ४.२ मिलिमीटर होतो. वर-खालीला दिसत नाही कारण हाताचं वजन गिअरचे दात कायम एकाच बाजूला दाबून ठेवतं. खालचा बेस आडवा फिरतो, तिथं दाबायला कुणी नाही. प्रोग्रॅममध्ये वस्तू ठेवायच्या जागी दर वेळी डावीकडूनच ये. उजवीकडून यायचं असेल तर पाच अंश पुढं जाऊन परत फिर.

---

खानापूर_विज्ञान

फाउंड्रीवाले दादा, न्यूमॅटिक ग्रिपरचा हिशोब एवढा सांगाल का? मुलांना सिरिंजनं करून दाखवते, पण खरा आकडा हवा.

---

फाउंड्री_मच्छे

लाइनला ६ बार हवा धरा, म्हणजे एका चौरस मिलिमीटरवर ०.६ न्यूटन. ३२ मिलिमीटर बोअरच्या सिलिंडरचं क्षेत्रफळ ८०४ चौरस मिलिमीटर. ढकलताना ४८२ न्यूटन, म्हणजे साधारण ४९ किलोचा जोर. ओढताना १२ मिलिमीटर रॉडची जागा वजा होते, उरतात ६९१ चौरस मिलिमीटर, जोर ४१५ न्यूटन. ग्रिपर ओढताना पकडणारा असेल तर दुसराच आकडा धरायचा. आणि हवा गेली तर पकड सुटते, म्हणून जड कास्टिंगला स्प्रिंगनं बंद राहणारा आणि हवेनं उघडणारा ग्रिपर घ्या.